माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण साष्टांगाला वाकावं लागतं आणि मला वाकायची घरातून सक्त मनाई आहे. तेव्हा तूर्त उभ्याउभ्याच हात जोडतो, बाकीचा उधार. आपली प्रकृती उत्तम असेल. ती जुनी ॲसिडिटी काय म्हणते? (ही चौकशी आईने मुद्दाम करायला लावली. ती एवढा मायना तपासून गेली. पुढचं माझं अक्षर तिला लागत नाही, म्हणून आता मोकळेपणी लिहितो.) फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे जिन्यात सभा घेणं.

मामा, माझं डोकं फिरलंय. (हे जपून वाचा. साधा राग आलाय, चारचौघांना येतो तसा. पण आमच्याकडे मला साधा राग येण्याचीही सोय उरलेली नाही. माझा आवाज चढला की आई बाबांकडे बघते आणि बाबा गोळ्यांच्या डबीकडे.) मी कॉलेज मणक्याच्या त्रासामुळे सोडलं असं आपल्याला कळवलं असेल. साफ खोटं! मणका माझा दिव्याच्या खांबासारखा आहे. मला डिप्रेशन आलं होतं. सकाळी दात घासायला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा, आणि तोही कुणीतरी पाय धरून ठेवलेले असताना. परीक्षेच्या दिवशी बूट घालून, पेन खिशाला लावून पलंगावर बसलो, तो पेपर सुटेपर्यंत तसाच बसून राहिलो. त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, पोरगा दिसत नाही तो? आई खरं तेच बोलली, की त्याला उठताच येत नाही हो. काकू म्हणाल्या, "पाठ का?" बुडत्याला काडीचा आधार! आई म्हणाली, "हो, पाठच." झालं. त्या क्षणापासून माझं मन ठणठणीत आणि पाठ कायमची अधू.

पुढे डॉक्टरीणबाईंच्या औषधाने आणि त्यांच्याशी बोलून बोलून मी हळूहळू माणसात आलो. पाठ मात्र काही केल्या सुधारेना. कमरेला पट्टा चढला. काकूंनी शेकायची पिशवी दिली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी स्वतःची काठी दिली (आणि स्वतः भिंतीला धरून घरी गेले!). मला चीड येते ती याचीच. पाठ म्हटल्यावर अख्खी इमारत धावली. खरं सांगितलं असतं तर हीच मंडळी मला बघून आपापली पोरं दाराआड ओढती. आई म्हणते, अरे, पाठ मोडलेल्याला लोक मुलगी देतात, मन मोडलेल्याला नाही. जणू काही मी मन गहाळ करून आलोय, छत्रीसारखं!

बरं, नोकरी लागली ती गाद्यांच्या दुकानात. बाबांनी मालकांना आधीच बजावलं, याला उचलायला लावू नका, पाठ आहे. (पाठ सगळ्यांनाच असते, पण असो.) मालक पक्के व्यापारी. त्यांनी मला दर्शनी काचेमागे गादीवर निजवलं, पट्ट्यासकट, आणि उशाशी पाटी लावली: पाठदुखीवाल्यांची पहिली पसंती. विचार करा मामा! ज्या पलंगावरून उठायला मी सगळं बळ खर्ची घातलं, त्याच पलंगावर आता पगार देऊन झोपवतात. पाठीचं दुखणं काचेमागे मांडून मिरवता येतं. मनाचं कपाटात कोंबून वर कुलूप!

आणि नेमकं दुकानाच्या वरच तिचं क्लिनिक आहे. ती म्हणजे फिजिओथेरपिस्ट. (आईला सांगू नका. मला ती जिना उतरते तो आवाजसुद्धा पाठ आहे, आणि ही एकच पाठ माझ्याकडे खरी आहे.) परवा ती काचेतून बघत बघत आत आली आणि म्हणाली, पालथा हो, बघू. मणका दाबत गेली. दुखलं की सांग, म्हणाली. आता दुखणार काय, कपाळ? मी स्वर्गात होतो. कण्हायचं लक्षात आलं तेव्हा तिने हात कधीच काढून घेतला होता, आणि मी "आई गं!" म्हणून बोंब ठोकली. ती म्हणाली, "माझे पेशंट रडत जिना चढतात आणि तू त्यांचं सोंग काढून पगार खातोस? लाज नाही वाटत?" आणि गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गादीवरून उडी घेतली, मला सावरायला मालक मध्ये पडले, मी मालकांवर पडलो, उठलो, जिना चढलो आणि तिच्या सगळ्या पेशंटांदेखत ओरडलो, की मला डिप्रेशन आहे, पाठ नाही! कमरेला वजनं लटकवून ताण दिलेल्या (ट्रॅक्शन म्हणतात त्याला) एक आजी पडल्यापडल्या म्हणाल्या, "मग ओरडतोस कशाला? आम्हाला ऐकू येतं." ती मात्र माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हे आधी सांगायचंस. यात लपवण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, मला लपवायचं काही नाही, घरच्यांना आहे. ती म्हणाली, "मग रविवारी चहाला येते. घरच्यांसमोर हेच सांग. तिथे पुन्हा पाठ पुढे केलीस तर मात्र मी ओळख देणार नाही."

क्लिनिकवाल्या बाई चहाला येणार एवढंच घरी सांगितलं, आणि आईचा बेत ठरलाय: रविवारी मी पट्टा बांधून पडून राहायचं आणि बोलायचं ते आईनेच. मी मुळीच पडून राहणार नाही!

आपला ताठ कण्याचा,
भाचा

ता. क. मालकांच्या कमरेत उसण भरली. पट्टा त्यांना देऊन टाकला. आता काचेमागे ते झोपतात, आणि पाटी पहिल्यांदाच खरी झाली आहे.

ता. क. २. हे पत्र आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, त्याचं कारण असं. काल भांडता भांडता आईच्या तोंडून निसटलं, "माझ्या भावाची उभी हयात ॲसिडिटीत गेली. नोकरी झाली, संसार झाला, कुणाला पत्ता लागला का?" मग एकदम पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. मामा, मी कुणाला काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. आपण ही ओळ फाडून टाकलीत तरी माझा राग नाही. (हा एवढाच नाही. बाकी सगळा आहे.)

ता. क. ३. आवाज मी कितीही चढवला, तरी मला एकट्याला भीती वाटते. रविवारी चहाला याल का? आपण काही सांगितलंच पाहिजे असं नाही. मी बोलेन तेव्हा नुसते शेजारच्या खुर्चीवर बसा. दारात दिसलात की उधार राहिलेला साष्टांग तिथेच घालतो, काकूंच्या देखत, चांगला कमरेतून वाकून.