अंगणातला एकच खड्डा

मी, राजश्री शरद आरोलकर, वय ५८, परिचारिका, कुवेतमधल्या खैतानच्या भाड्याच्या घरातून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं मात्र शाबूत आहे, शरद काहीही म्हणो.

१. बांगड्या आणि बँकेतली शिल्लक मुलगी जुईलीला. कोयती धाकट्या जावेला देऊ नये. तिने मागे नेलेली खुरपी अजून परत आलेली नाही.

२. वेंगुर्ल्याजवळचं माझ्या नावावरचं घर नवरा शरद याला. अंगणात चिखल नको म्हणून आम्ही इथून व्हिडिओ कॉलवर गवंड्याला सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायला लावले. चूक दोघांची. झाडासाठी एकच खड्डा उरला आणि त्यात काय लावायचं, यावर अकरा वर्षं वाद चालू आहे.

३. मला सुरंगी हवी, शरदला बकुळ. दोन्ही बारमाही हिरवी, सावकाश वाढणारी. पण सुरंगी मार्चच्या सुमारास फुलते आणि आमची रजा जुलैत. "मार्चात आपण कुवेतात. तुका ती फुललेली कधी दिसतली?" शरद विचारतो. म्हणूनच सुरंगी, मी म्हणते. ती फुलेल तेव्हा आपण तिथे कायमचे असू. मग तो "फुडल्या वर्षी बघूया" म्हणतो.

इथे धुळीचं वादळ आलं की त्या दिवशी खिडक्या लावून पडले की मला ते अंगण दिसतं. फांद्यांना बिलगलेल्या कळ्या, शिडीवर शरद, खाली पदर पसरून मी. बाहेर सगळं तपकिरी झालेलं असतं आणि खोलीभर सुरंगीचा वास येत असतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

४. काल हे शरदला वाचून दाखवलं. माझ्या पश्चात सुरंगीच लावावी, असं लिहिलं होतं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. म्हणाला, "तू नसलंस तर त्या झाडार मी कोणासाठी चढू?"

ती ओळ मी खोडली. सुरंगी उमलायच्या आत फांदीवरून काढावी लागते. बकुळ आपली आपण खाली पडते, नुसतं वाकायचं. म्हणून माझ्या पश्चात बकुळ लावावी. शरद, तू एकटा शिडीवर चढलेला मला बघवणार नाही.

५. मात्र मृत्युपत्र मी गेल्यावरच लागू होतं. तोवर खड्डा माझा. फेब्रुवारीअखेरची दोन तिकिटं शरदने आज स्वतः काढली. परतीची काढलेली नाहीत. सुरंगी मृगात लावू.

साक्षीदार:
आमिना, वॉर्डातली सहकारी (मजकूर हिंदीत समजावून सांगितला)
जयप्रकाश, शेजारी

सही: राजश्री शरद आरोलकर
खैतान, कुवेत. ९ जानेवारी २०२५