ताजा हात

आई, आशीर्वाद दे.

मी बरा आहे. आता बेसबॉल बघायला अंगणात टीव्ही मांडू नकोस, शेजाऱ्यांनाही सांग. मी खेळणार नाही.

काल आमच्या पहिल्या पिचरने टाकलेले चेंडू त्यांनी सुरुवातीलाच बदडून काढले. सामना गेल्यात जमा होता. आज समोर त्यांचा सगळ्यात भारी पिचर, म्हणून आमचे चांगले हात आजसाठी राखायचे होते. राखीव पिचरांच्या बाकाजवळचा फोन वाजला आणि मला टाकायला उठवलं. शेवटपर्यंत मीच टाकत राहिलो.

सकाळी मॅनेजर म्हणाला, "यूदिस, काल सगळ्यांना वाचवलंस. पण इतके चेंडू टाकल्यावर आता काही दिवस तू टाकू शकणार नाहीस, आणि आम्हाला ताजा हात हवाय." खालच्या संघात पाठवतायत. माझ्या खुंटीवर नव्याची टोपी लागलीसुद्धा.

बाकावरचा म्हातारा विल्टन म्हणाला, "लेका, जरा वाईट टाकलं असतंस तर मध्येच काढलं असतं. संघात राहिला असतास!" सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

बाबांचा खोकला थांबला का? मागच्या केळीला घड आला?

उजवा हात ठणठणीत आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
यूदिस

ता. क. अक्षर वाकडं आलंय. डाव्या हाताने लिहिलंय.