बर्फाच्या पात्याच्या दोन स्प्रिंगा

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार. अंबड.

छोट्या ट्रॅक्टरपुढे बर्फ लोटायचं पातं मी वाकवलं, चेसिसला धरणारी चौकट मी जोडली, पात्यामागच्या दोन स्प्रिंगाही मीच बसवल्या. कॉलेजची पायरी न चढता. आज ठेकेदार त्याचा इंजिनिअर घेऊन आला. टाय मात्र झकास. तो म्हणाला,

"काका, स्प्रिंगा काढा, खर्च वाचेल. बर्फ मऊ असतो. पाहिलाय कधी?"

नाही पाहिला. पण बर्फाखाली दगड असणार, एवढं कळायला हिमालयात जावं लागतं? स्प्रिंग असली की दगडाला लागून पात्याची खालची कड मागे झुकते. नसली तर ट्रॅक्टर जागीच अडतो आणि चालवणारा स्टिअरिंगवर तोंड फोडून घेतो. दोनदा सांगितलं. हा घड्याळ बघतोय.

ठेकेदार म्हणाला, "मिस्त्री, चालवणारा तिकडे लेहला. तुम्हाला काय त्याचं?"

तिथेच नाही म्हणून सांगितलं. स्प्रिंगांशिवाय वीस नगांची, एक लाख ऐंशी हजारांची ऑर्डर गेली.