वर्ख लावलेला चेहरा

नागपूर, १२ नोव्हेंबर १९७३

ती. आनंददादास,
प्रेमिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुळसावहिनीचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. तू दर पत्रात विचारतोस की बाबांचा चांगला चालता स्टुडिओ असताना फोटोंवर चिंध्या काय चिकटवत बसतेस. तर ऐक, त्या चिंध्यांचं प्रदर्शन ठरलं! सीताबर्डीच्या हॉलमध्ये, पंचवीस तारखेला, रविवारी.

पण एका फोटोनं माझी झोप उडवली आहे. आपल्या स्टुडिओच्या जागेचे मालक, लकडगंजचे लाकडाचे व्यापारी चंपतराव, त्यांच्या मुलीच्या, पुष्पलताच्या तोंडावर कोड आहे. सोयरिकीसाठी त्यांनी तिचा फोटो काढवला आणि मला डाग पुसायला सांगितले. धंद्यात ते करावंच लागतं, मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून डाग झाकले. फोटो पाहून पुष्पलता म्हणाली, ही बाई कोण आहे वं ताई? मुलाकडचे पाहायला आले तेव्हा घरच्यांनी तिला पावडर थापून, पदर पुढे ओढून बसवलं. लग्न जमलं. मुलगा गिरिधर हिंगण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

मग एक दिवस ती एकटीच आली, मले आहे तशी काढ म्हणाली. तो फोटो मी मोठा केला आणि तिच्या डागांवर चांदीचा वर्ख बसवला. दादा, असं काम आजवर माझ्या हातून झालं नाही. तो मधल्या भिंतीवर लावावा अशी तिचीच इच्छा आहे. चंपतरावांना पत्ता नाही. काय करू ते कळव.

तुझी,
प्रेमिला


बिलासपूर, १६ नोव्हेंबर १९७३

चि. प्रेमिलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तो फोटो लावू नको. चंपतराव तुझ्या स्टुडिओला कुलूप ठोकतील. पण ते सोड, स्टुडिओ दुसरीकडे उभा राहील. त्या पोरीचं मोडलेलं लग्न तू कोणत्या गोंदानं चिकटवशील? शाबासकी तुले मिळेल, घरी भोगेल ती. दुसरं असं, की लोक चित्र पाहणार नाहीत, कोणी काढलं ते पाहतील, आणि आपल्या वस्तीपर्यंत बोलत येतील. तुझी वहिनीही हेच म्हणून राहिली. रागावू नको. मोठ्या भावाला भ्यायचा तरी हक्क आहे.

तुझा,
आनंददादा


नागपूर, २२ नोव्हेंबर १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फ्रेमवाल्याकडून चंपतरावांना कळलं. काल ते स्टुडिओत आले. ओरडले नाहीत. दाराची फळी आतून लावून घेतली आणि उभेच राहिले. म्हणाले, प्रेमिलाबाई, मी तुम्हाले कधी जातीवरून बोललो नाही, आता बोलायले लावू नका. तो फोटो लागला तर दुसऱ्या दिवशी जागा खाली करा. मग एकाएकी त्यांचा आवाज फाटला. माझ्यामागे हिले कोण पाहीन, सांगा, म्हणाले.

तुझं ऐकते. फोटो लावत नाही. तसा निरोप पुष्पलताला धाडला. तिकडून उत्तर नाही, आणि तेच मला खुपतं आहे.

तुझी,
प्रेमिला


नागपूर, २८ नोव्हेंबर १९७३

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

रविवारी मधली भिंत मी रिकामीच ठेवली होती. हॉल भरला आणि पुष्पलता आली. तोंडाला पावडर नाही, डोक्यावर पदर नाही. कोणाशी न बोलता त्या रिकाम्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लोक वळून पाहू लागले.

फ्रेमवाल्यानं परस्पर हॉलवर पोचवलेला फोटो मी पडद्यामागून आणला आणि तिच्या शेजारी टांगला. दादा, तुझं पत्र मला पाठ होतं, तरी आणला.

थोड्याच वेळात गिरिधर आणि त्याची आई आली; पुष्पलतानंच त्यांना बोलावलं होतं म्हणे. आई दारातूनच परतली. तो फोटोकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. आधी काहून नाही सांगितलं, एवढंच विचारून गेला. संध्याकाळी लग्न मोडल्याचा निरोप आला. सोमवारी स्टुडिओला कुलूप लागलं. सामान बायजामावशीच्या ओसरीवर पडलं आहे. पुष्पलताला तिच्या आत्याकडे कामठीला धाडलं, असं ऐकते. तू म्हणालास तेच झालं.

तुझी,
प्रेमिला


बिलासपूर, २ डिसेंबर १९७३

चि. प्रेमिलास, आशीर्वाद.

तुझं चुकलं असं मला अजूनही वाटतं. रजा मंजूर झाली आहे, गुरुवारी पोचतो. मावशीच्या मागच्या खोलीत डार्करूम होईल. काळं कापड इथून आणतो, तू घेऊ नको.

आनंददादा


कामठी, १७ डिसेंबर १९७३

प्रिय प्रेमिलाताईस,
पुष्पलताचा नमस्कार. वि. वि.

मी बरी आहे. बाबा बोलत नाहीत, पण आत्याच्या हाती माझी पुस्तकं पाठवली. इथल्या शाळेत लहान पोरींना शिकवायला जाते. पहिल्या दिवशी एकीनं माझ्या गालाला बोट लावून पाहिलं आणि मग पाढे म्हणायला लागली.

काल गिरिधर आले. एकटेच. आईची समजूत काढायला वेळ लागेल म्हणाले. माझा राग डागांचा नव्हता, फसवल्याचा होता, असंही म्हणाले. लग्नाला तयार आहेत. आत्या तर देवापुढे साखर ठेवायला धावली.

ताई, मी हो म्हटलं नाही. त्यांना सांगितलं, तुम्ही मले दोनदा पाहिलं. एकदा पावडरमध्ये, एकदा हॉलमध्ये. पहिल्यांदा मी खाली मान घालून होते, दुसऱ्यांदा भीतीनं काहीच दिसत नव्हतं. मी तुम्हाले अजून पाहिलंच नाही. येत्या रविवारी दिवसाउजेडी या, खिडकीपाशी बसा. मले नीट पाहू द्या. मग सांगते.

ते येतो म्हणाले. जाताना पायरीवर अडखळले.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
पुष्पलता