‘चुप्पल’ या शब्दाचा उगम

सोलापूर,
१० डिसेंबर २०२४

मा. प्रा. डॉ. वैजयंती थिटे यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या विभागातर्फे ७ व ८ फेब्रुवारी रोजी ‘ग्रंथालये, माहितीशास्त्र आणि संगणन’ या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र होत आहे. उद्घाटनाच्या सत्रात आपण बीजभाषण करावे आणि आपल्या ‘बोलीशोध’ या प्रणालीचे लोकार्पण इथेच व्हावे, अशी विभागप्रमुख डॉ. बिभीषण लोंढे सरांची इच्छा आहे. वाचकाने आपल्या बोलीतला शब्द टाकावा आणि त्याला हवे ते पुस्तक सापडावे, हे काम सोलापूरच्या शब्दांवर उभे आहे. ते सोलापुरात सुरू व्हावे हे उचितच.

प्रवासाची व मुक्कामाची सोय विभाग करील. निबंध २० जानेवारीपर्यंत पाठवावा. शब्दसूचीचे परिशिष्ट संपूर्ण जोडावे, ही विनंती. स्मरणिकेत त्याची काटछाट होणार नाही, हे मी पाहीन.

घरी सर्वांना नमस्कार. अम्मी आपली आठवण काढते.

कळावे,
फिरदोस शेख
समन्वयक

·

सोलापूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैजू,

सलाम. प्रवास नीट झाला असेल. येताना मोहोळला उतरून आईला भेटलीस का? त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. इकडे अम्मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. कापडाचे माग आम्ही विकले. त्या खोलीत आता भाडेकरू आहेत, शांत माणसं आहेत. घरी बाकी सगळं ठीक.

हे पत्र मी आज दुपारी विभागात बसून लिहिते आहे. उद्या ते तुझ्या फाईलमध्ये कार्यक्रमपत्रिकेखाली असेल. टपालाने पाठवलं असतं तर तू ते बाजूला ठेवलं असतंस. व्यासपीठावर ठेवता येत नाही. आपण ग्रंथालयशास्त्राच्या एमलिबला असताना मागच्या रांगेत बसून पाहुण्यांवर नजर ठेवायचो, आठवतं? दिवा लागतो, विद्यापीठगीत होतं, शाली आणि रोपटी वाटून होतात आणि प्रास्ताविक लांबत जातं. मग पाहुणा फाईल उघडतो. तू माझ्या कानात म्हणायचीस, “बघ, आता चाळणार. बिचाऱ्याला दुसरं काय काम हाय?”

तेव्हा आता तू हे वाचते आहेस. चेहरा आहे तसा राहू दे, फोटोवाला समोर उभा आहे. लोंढे सर प्रास्ताविक करताहेत. ते लांब बोलतात. वेळ आहे.

डिसेंबरात तुझा होकार लगेच आला. “फिरू, सगळं विसरून बोलावलंस, बरं वाटलं.” विसरणं हा तुझा शब्द. मी तुला बोलावलं ते परिशिष्टासाठी. तू ते आजवर कुठेच छापलं नव्हतंस. मला बघायचं होतं की माझं नाव कुठून कुठून पुसलं गेलं आहे.

ते सगळीकडून पुसलं आहे. आभाराच्या पानावर ‘स्थानिक सहकार्य’ असं आहे, ती मी असणार. मी नोकरी करायचे त्या वाचनालयाच्या खिडकीशी एक विडी कामगार बाई उभी राहून म्हणाली होती, “बाई, पोटातल्या पोरासाटी काय खायाचं, त्येचं पुस्तक हाय का?” तालिकेत ते पुस्तक ‘प्रसूतिपूर्व आहार’ या नावाखाली होतं, आणि तिला ते शंभर वर्षांत सापडलं नसतं. तुझ्या निबंधाची सुरुवात त्या बाईपासून होते. खिडकीशी मात्र तू उभी आहेस. तू त्या खिडकीशी कधीच उभी नव्हतीस, वैजू. मी घरी येऊन तुला सांगितलं होतं, तू अम्मीच्या हातची दाल खात होतीस.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. दोन वर्षं गिळतच होते. अशा गोष्टी होतात, लोंढे सरही म्हणतात. निबंधाचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. मी कसलेल्या माणसासारखे ऱ्हस्वदीर्घ तपासत परिशिष्टात शिरले आणि ‘च’पाशी आले.

चुप्पल (स्त्री.) : वीज गेल्यावर सगळे माग एकदम थांबले की गल्लीत पसरणारी शांतता. उगम : तेलुगू. माहितीदाते : तीन, विणकर समाज, वय साठच्या पुढे.

मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर बायका मासिकं बदलायला आल्या होत्या. त्यांना विचारलं. एक म्हणाली, “चप्पल म्हणायचं आसंल की बाई तुला.” दुसरी म्हणाली, “आमच्यात न्हाय असलं काय. तुमच्या मुसलमानात बघ.” मुसलमानातही नाही. कन्नडात नाही, दखनीत नाही. तो शब्द या जगात एका घरात आहे आणि त्या घराचा उंबरा तुला ठाऊक आहे.

अब्बांचे चार माग होते. लाईट गेली की ते हात पुसत म्हणायचे, “सारी गल्ली चुप पडी.” घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला हे बोलता यायचं नाही. तो बोट वर करून म्हणायचा, “चुप्पल.” आम्ही हसलो आणि शब्द घरात राहिला. अजून लाईट गेली की अम्मी म्हणते, “लो, चुप्पल हुई.”

तूही म्हणायचीस. बोलीतल्या शब्दावरून पुस्तक शोधणाऱ्या माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी तो चाचणीसाठी टाकला होता. यंत्राला ती चूक वाटायची. ते त्याचं ‘चप्पल’ करायचं आणि चर्मोद्योगाची पुस्तकं समोर ठेवायचं. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, “आपा, शांती पाहिजे तर आधी जोडे घे म्हणतंय की तुझं कम्प्युटर.” आपण तिघं किती हसलो होतो.

घरी बाकी सगळं ठीक असं वर लिहिलं. माझ्या धाकट्या भावाचं, उमरचं लिहिलं नाही. लिहायचं टाळत होते.

आता लिहिते. तो आजारी पडला तेव्हा मी पीएचडीची नोंदणी सोडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मधल्या दिवसांत त्याच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं. पाणी मोजूनच द्यायचं असतं. जॉबर माणूस, दिवसभर बिघडलेले माग नीट करत फिरणारा, तो वाटीभर पाण्यासाठी माझ्याशी भांडायचा. मी तुला म्हणाले होते, मी जमवलेल्या शब्दांची एक्सेल तुझ्याकडे ठेव, मी परत आले की दोघी मिळून करू. तू म्हणालीस, “ठेवते की. कुटं पळून जातंय?”

तू वॉर्डात एकदाच आलीस. रविवार होता. संत्री आणली होतीस, ती त्याला चालत नव्हती, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिली. मग फोन त्याच्या उशीशी ठेवलास.

“उमर, बोल की. मला शब्द पाहिजेत.”

“कसले?”

“मागाचे. तुझ्या कामाचे.”

“पैसे घेईन हं दीदी.”

“नाव देते पुस्तकात. पहिलं तुझंच.”

तो उठून बसला. कितीतरी दिवसांनी तो पाण्याशिवाय दुसऱ्या कशावर तरी बोलत होता. दम लागेपर्यंत बोलला. मध्ये थापाही मारल्या, तूही हसत होतीस. निघताना तो म्हणाला, “उमर शेख, जॉबर, असं लिही. नुसतं उमर लिहू नको. लई उमर हायेत आपल्या सोलापुरात.”

मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो ‘धोटा’. परिशिष्टात त्या शब्दाखाली एक वाक्य आहे : ‘धोटा आणि मालक, दोघं बी एका जागी बसत न्हाईत.’ माहितीदाता क्रमांक दोन, वय अडुसष्ट. हे वाक्य मी त्या खाटेच्या पायाशी बसून ऐकलं आहे. क्रमांक एक तोच आहे. क्रमांक तीन तोच आहे. तुझ्या पद्धतीला साठीच्या पुढचे तीन विणकर हवे होते आणि तुझ्याकडे सव्वीस वर्षांचा एक जॉबर होता. तू त्याचे तीन केलेस. जे वय त्याला गाठता आलं नाही ते तू त्याला तीनदा दिलंस, फक्त नाव दिलं नाहीस. आणि सोलापूरचा विणकर म्हणजे तेलुगूच असणार, हे पुण्यात बसून ठरवलंस. हाय-न्हाय बोलणारी मोहोळची पोरगी ही चूक करते, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या घरात तू चार माग बघितले होतेस.

तो गेल्यावर तुझा फोन आला. चाळिसावा दिवसही व्हायचा होता. “फिरू, कशी आहेस?” मी सांगायला लागले. तू मध्ये बोलली नाहीस, मला वाटलं रडते आहेस. मी थांबले तेव्हा तू म्हणालीस, “ऐक ना, त्या एक्सेलचा पासवर्ड दे की. उद्या सबमिट करायचंय.”

मी दिला.

आता आजचं ऐक. तुझं भाषण होईल. मग कुलगुरू कळ दाबतील आणि मोठ्या पडद्यावर ‘बोलीशोध’ उघडेल. पहिला शब्द कोणता टाकायचा, हे लोंढे सरांनी माझ्यावर सोडलं आहे. “एखादा गोड, आपल्या मातीतला शब्द घ्या मॅडम,” म्हणाले. मी घेतला आहे. तुझी नोंद पडद्यावर येईल, उगम आणि माहितीदात्यांसकट. सभागृहातली निम्मी माणसं घरी तेलुगू बोलतात. ती आधी एकमेकांकडे बघतील. मग प्रश्नोत्तरं आहेत. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे आणि पहिला प्रश्नही माझाच आहे. त्या तिघांची नावं काय आणि ते कुठल्या गल्लीत राहतात, एवढाच. तू एखादं नाव रचशील, तर मी गल्ली विचारीन. गल्ली सांगशील, तर तिथलं माणूस सभागृहात निघेल. हे पुणं नव्हे.

प्रकृतीचं कारण सांगून आत्ता उठून जाशील, असंही मनात आलं. जा. नोंद तरी पडद्यावर येईलच आणि प्रश्न तुझ्या रिकाम्या खुर्चीला विचारला जाईल. ते मला जास्त आवडेल.

सरांना यातलं काही माहीत नाही. त्यांना त्रास होईल, त्याचं वाईट वाटतं. माझी नेमणूक जूनपर्यंतची आहे आणि ती पुढे वाढणार नाही, हे मला कळतं. अम्मीला काल सगळं सांगितलं. ती दळण निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, “नौकरी मिलती फिर. तू पूछ.”

अम्मी पहिल्या रांगेत आहे, उजव्या हाताला. तिचं एक काम आहे तुझ्याकडे. उमरचा फोन वॉर्डातून चोरीला गेला. आमच्याजवळ त्याचे फोटो आहेत, आवाज नाही. त्या रविवारचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत ती तुझ्याजवळ येईल आणि ऐकव म्हणेल. ऐकवलंस तर ती तुझ्या डोक्यावर हात ठेवील. तुला तिथेच माफही करील. ती तशी आहे. मी तिला अडवणार नाही.

पण यात सौदा आहे असं समजू नकोस. म्हणूनच मी कार्यक्रमाचा क्रम असा लावला आहे, प्रश्न जेवणाच्या आधी येतो. रेकॉर्डिंग हातात घेऊन तू माझ्याकडे आलीस, तर मी ते घेईन आणि प्रश्नही विचारीन.

लोंढे सर आता आभाराच्या सुरात आले असतील. यानंतर तुझं नाव आहे. कागद घडी कर आणि माईक थोडा खाली घे, तो उंच माणसासाठी लावलेला आहे.

इथे ‘तुझीच’ लिहायची सवय होती.

फिरदोस शेख