परस्परांविषयी अभिप्राय

३ जानेवारी, मंगळवार

मिशनच्या कचेरीतून मुदतवाढीचा अर्ज आला. आणखी दोन वर्षे या परमुलखात राहायचे, की मार्चअखेर स्वदेशी परतायचे — पतिपत्नी दोघांच्या सह्या हव्यात. एकाला परतायचे असेल, तर दुसऱ्याने हवे तर एकट्याने राहावे! शिवाय एक नवे खूळ: 'परस्परांविषयी अभिप्राय'. पतीने पत्नीविषयी लिहायचे, पत्नीने पतीविषयी. आणि आपापले पाकीट बंद करून पाठवायचे. चिटणीस तरुण आहेत. असल्या कल्पना त्यांना भोजनोत्तर सुस्तीत सुचत असाव्यात.

मी तत्काळ राहण्याच्या बाजूने सही केली. प्रभूच्या शेतातली कापणी अर्ध्यावर टाकून जाणारा मी नव्हे. (कापणी म्हणजे दोन वर्षांत तीन माणसे, त्यांतले एक ठार बहिरे.)

सौ.ने अर्ज शांतपणे वाचला, पावाच्या डब्याखाली ठेवला. "बघू," म्हणाली.

४ जानेवारी

तिच्याविषयी अभिप्राय लिहिला. दीड पान. 'मितभाषी, आज्ञाधारक, गृहकृत्यांत काटकसरी. येथील भाषा अद्याप जेमतेम. सेवाकार्यात पतीची मूक सहचारिणी.' 'मूक' या शब्दापाशी क्षणभर थबकलो. भारदस्त वाटला — ठेवला.

७ जानेवारी, शनिवार

गृहभेटी. नियम असा की जोडीनेच जायचे आणि बोलायचे पतीने. बाहेर गुडघाभर बर्फ. या ऋतूत लोक दार चार बोटेच उघडतात, घरातली ऊब निसटू नये म्हणून. तारणाचा संदेश त्या चार बोटांतून आत सरकवावा लागतो. माझे नाक आत, उरलेला मी बाहेर!

तिसऱ्या मजल्यावर एक चावीवाला राहतो. गेल्या महिन्यात त्याची पत्नी निवर्तली. त्याच्यासाठी मी शोकावर सात मुद्दे बांधून नेले होते. दुसऱ्या मुद्द्याला त्याने दार आणखी उघडले. वाटले, परिणाम झाला! त्याने सौ.ला आत घेतले आणि दार लावून टाकले. मी पाऊण तास जिन्यात. उरलेले पाच मुद्दे कठड्याने ऐकले.

आत काय केलेस, असे परतताना विचारले.

"भांडी साचली होती हो. घासली. मग तो रडला जरा."

त्याला तुझी भाषा कळली?

"बोललं कोण?"

११ जानेवारी

अर्ज अजून डब्याखालीच. मी विचारत नाही, ती सांगत नाही. पाव मात्र रोज दोघे खातो.

१५ जानेवारी, रविवार

उपासनेला सहा जण! चावीवाला आला, सोबत दोन शेजारणी. प्रवचन कृपेवर होते — बांधेसूद, पन्नास मिनिटांचे. त्या तिघांची नजर आरंभापासून अखेरपर्यंत सौ.च्या बाकावर. निघताना चावीवाल्याने मला विचारले, बाई पुढच्या हिवाळ्यात असतील ना? 'आम्ही' असू, असे मी ठासून सांगितले. त्याने मान हलवली. माझ्या असण्याला त्याची विशेष हरकत दिसली नाही.

घरी येताना न राहवून सहीचे विचारले. ती म्हणाली, लेकीचे दिवस एप्रिलात भरतात. तिकडे तिची सासू आहे, दवाखाना आहे, असे मी समजावले. वर एक समर्पक वचनही ऐकवले.

"ते मला पाठ आहे," ती म्हणाली. "लग्नाआधीपासून."

१९ जानेवारी, गुरुवार

सकाळी तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. राहण्याच्या रकान्यात तिची सही! जिंकल्यासारखे वाटले, निदान या पानापाशी ते कबूल करतो. तिच्या अभिप्रायाचे पाकीट उघडेच होते. डिंक तुमच्या टेबलावर आहे, तेवढे चिकटवा, असे सांगून ती चावीवाल्याकडे निघून गेली. वाचू नका, असे काही म्हणाली नाही.

वाचले. पासष्ट वर्षांचा उपदेशक, आणि दुसऱ्याच्या पाकिटात बोटे! पान कोरेच होते म्हणायचे. वर फक्त चार ओळी —

'हे फार शिकलेले आहेत. मनाने वाईट नाहीत. मला लेकीकडे जायचे आहे. पण इथे यांना एकट्याला कोणी दार उघडणार नाही, म्हणून सही केली आहे.'

मग स्वतःचे दीड पान काढून वाचले. पुरे वाचवले नाही. शेगडीत घातले, चांगले जळले.

२० जानेवारी

माझी सही खोडली, परतण्याच्या रकान्यात केली. तिला म्हणालो, या थंडीपुढे छाती हात टेकते आहे, आता घरी जावे. दोनदा खोकून दाखवले. उभ्या आयुष्यातले माझे पहिले सहेतुक असत्य.

"मला काही घाई नव्हती हो," ती म्हणाली, आणि तिनेही सही केली.

खाटेखालची बॅग ओढली, तर हलेना. भरलेली! सगळ्यात वर माझे लोकरी मोजे. केव्हा भरलीस, म्हणून विचारले.

"अर्ज आला त्या संध्याकाळी."