एकशे सत्तावीसपर्यंत सगळं ठीक

डुलुथ, ९ ऑक्टोबर २०२३

ती. रेनोदादास,
मार्लिसचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, माझं बदक जप्त झालं आहे.

हसू नकोस. पिवळं, रबरी, मुठीएवढं, उजव्या डोळ्याचा रंग उडालेलं बदक. अकरा वर्षं ते माझ्या टेबलावर होतं. गेल्या सोमवारी आमचे नवे मॅनेजर ट्रेव्हिस वॉसबर्ग (वय एकोणतीस, दाढीचं वय दोन आठवडे) यांनी स्वच्छ टेबल मोहीम काढली आणि बदक एका खोक्यात गेलं. ना नोटीस, ना पंचनामा. शेजारी कुणाचं तरी निवडुंग. बावन्न वर्षांच्या बाईला न्याय मागायला जागा उरली नाही, ती अशी.

तू शिकारीला लाकडी बदकं तळ्यात सोडून खरी बदकं फसवतोस. आमच्या धंद्यात बदक लागतं ते ऐकायला. प्रोग्राम अडला की त्याला एकेक ओळ मोठ्यानं समजावून सांगायची. ते मध्ये बोलत नाही, स्वतःचे अनुभव सांगत नाही, आणि माझ्याकडे तर चालतंय बुवा, असं कधीच म्हणत नाही. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. माझ्या माजी नवऱ्यात यातला एकही गुण नव्हता.

आजचंच घे. अर्धा दिवस एका नावामागे चिकटलेली रिकामी जागा शोधण्यात गेला. माणसाला ती दिसत नाही, जावाला (आम्ही प्रोग्राम लिहितो ती भाषा) दिसते. त्यामुळे एकच नॉर्माबाई जावाच्या लेखी दोन निराळ्या बायका, आणि दोघींना स्वतंत्र बिलं. बदक असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

तेव्हा बदक सुटून येईपर्यंत त्याच्या जागी तुझी नेमणूक करते आहे. जावातलं तुला ओ की ठो कळत नाही, ही तुझी पात्रता. मी लिहीन, तू ऐक.

लोभ आहे हे ठाऊक आहे. अधूनमधून तो पोस्टातूनही येऊ दे.

तुझी,
मार्लिस


स्वॅन इनलेट, १४ ऑक्टोबर

चि. मार्लिस हिस अनेक आशीर्वाद.

नेमणूक स्वीकारली. मात्र मी बोलणारं बदक आहे, आणि आज बोलणार आहे.

एल्मामावशीला जेवणाच्या गाडीवरून काढलं. एकोणीस वर्षं ती एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात गरम जेवण पोचवते आहे. आता तिलाच चौऱ्याहत्तर झाली, तरी बर्फात गाडी रुतली की डबे हातात घेऊन चालत जाते. काउंटी कचेरीचं पत्र आलं की सप्टेंबरपासून पाच घरी जेवण पोचलेलंच नाही, आणि बाईंनी पोचल्याचं सांगितलं. म्हणजे सरळ बोलायचं तर मावशी जेवण कुठंतरी टाकून देते आणि खोटं बोलते. दोन नोव्हेंबरला समितीपुढे सुनावणी आहे. दोषी ठरली तर नाव कायमचं खोडतील, आणि ते गावच्या पेपरात छापून येईल.

त्या पाच घरांना विचारलं का, म्हणून मी जाऊन भांडलो. विचारलं म्हणे. त्यातला ऑर्विल फोन उचलत नाही, दोघांना काल काय जेवलो ते आठवत नाही, बाकीच्या दोघी हो म्हणाल्या तर त्यांची स्मरणशक्ती भरवशाची नाही असा शेरा. यंत्राची तेवढी भरवशाची.

आता नीट ऐक. दारात डबा दिला की मावशी फोनवर त्या घराचा नंबर दाबते. तो फोन मी पाहिला. उघडताना वर तुझ्या कंपनीचं नाव येतं.

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी लोक तिच्या शेजारची खुर्ची सोडून बसायला लागलेत. समितीच्या मिसेस डालगार्ड मोठ्या मायेनं म्हणाल्या की वय होतंच गं. मावशीनं तिथल्या तिथे ऐकवलं की वय तुमचंही झालंय, पण तुम्हाला कुणी काम सांगत नाही म्हणून उघडकीला येत नाही.

माझा तिच्यावर विश्वास आहे. का, ते तुला माहीत आहे. एक्याऐंशी साली बाबांची होडी वाहून गेली, तेव्हा दोर मी बांधला नाही असं सगळ्या घरानं ठरवून टाकलं. मी बांधला होता. अजून सांगतो, बांधला होता. बदकांच्या शिकारीचा अख्खा सीझन मला घरात बसवलं. न केलेल्याचं खापर डोक्यावर असलं की माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. मावशी सध्या तशी दिसते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रेनो


डुलुथ, २० ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जेवणाचा प्रोग्राम आमचाच, आणि त्याची देखभाल माझ्याकडेच.

सकाळच्या मीटिंगमध्ये विषय काढला. ही मीटिंग आम्ही उभ्यानं घेतो, म्हणजे ती लवकर संपते अशी समजूत आहे. संपत नाही, फक्त गुडघे दुखतात. मी रीतसर तक्रार नोंदवली. तासाभरात ट्रेव्हिसनं ती बंद केली. शेरा: वापरणाऱ्याची चूक. मी प्रोग्राम चालवून पाहिला. आमच्याकडे चाचणीसाठी एक ते दहा नंबरांची दहा खोटी म्हातारी माणसं आहेत. दहाही जणांना जेवण पोचलं, दहाही तृप्त.

एक विचारते, रागावू नकोस. मावशी कधी विसरत तर नसेल? नंबर चुकीचा दाबत असेल? थंडीत हातमोजे घालून दाबत असेल?

कुठली पाच घरं, त्यांचे नंबर काय, तेवढं कळव.

तुझी,
मार्लिस


स्वॅन इनलेट, २४ ऑक्टोबर

चि. मार्लिस हिस आशीर्वाद, आज थोडे कमी.

रागावलो. तुझा प्रश्न मावशीला सांगितला नाही. सांगितला असता तर ती डुलुथपर्यंत गाडी हाणत येऊन तुला हातमोज्यासकट दाखवून गेली असती.

घरांचे नंबर: १२८, १३१, १३२, १३५, १४०. सगळी तळ्यापलीकडची; मधल्या नंबरांवर सध्या कुणी नाही. नवीन माणसं आली की नंबर पुढे वाढत जातो, आणि तो लांबचा रस्ता दुसरा कुणी घेईना म्हणून मावशीनंच मागून घेतला. बाकीच्या घरांबद्दल, म्हणजे १२७ पर्यंत, एकही तक्रार नाही. १२७ नंबरची इन्गाबाई ऑर्विलची सख्खी शेजारीण. तिला जेवण पोचतं आणि कुंपणापलीकडे ऑर्विलला पोचत नाही? एवढी आळशी बाई जन्मली असेल तर तिला मला भेटव.

आणि एक गंमत. काढून टाकल्यापासून मावशी रोज दुपारी स्वतःच्या ओव्हनमधून बटाट्याचा हॉटडिश काढते आणि त्या पाचही घरी जाऊन देते. गाडी तिची, पेट्रोल तिचं, नोंद कुठेच नाही. काउंटीनं फोन करून बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, मी जेवण पोचवतच नाही असं तुमच्याच कागदात आहे, मग बंद काय करू?

पार्सलमधून एक बदक पाठवतो आहे. लाकडी, मीच कोरलेलं, दोन्ही डोळे शाबूत. बघ त्याला काही सांगून.

तुझा,
रेनो


डुलुथ, २७ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

बदक पोचलं. टेबलावर ठेवलं. ट्रेव्हिस आला, तर त्याला सांगितलं की त्याची मोहीम रबरी वस्तूंविरुद्ध होती. मग बदकासमोर बसून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तुझ्या भाषेत सांगते. समज, तुझ्या शेडमध्ये एक ते एकशे सत्तावीस आकड्यांची बदकं आधीच कोरून खुंट्यांना टांगलेली आहेत. कुणीही पाच मागितलं की तेच पाचवं बदक हातात मिळतं. पण एकशे अठ्ठावीस मागितलं, तर खुंटी नाही. तू नवं कोरून देतोस. पुन्हा कुणी मागितलं की पुन्हा नवं. आकडा तोच, बदकं दोन. जावा आकडे असेच ठेवते. आता, पाठवलेल्या डब्याचा नंबर आणि मावशीनं दाबलेला नंबर जुळतो का हे बघणारी एक ओळ आहे. तिनं विचारायला हवं होतं, आकडा तोच आहे का. ती विचारते, बदक तेच आहे का. एकशे सत्तावीसपर्यंत उत्तर हो. पुढे कायम नाही.

प्रत्येक गावाचे नंबर एकपासून सुरू होतात, आणि एकशे सत्तावीसच्या पुढे गेलेलं पहिलं गाव तुमचं. आमची दहा खोटी म्हातारी माणसं जन्मभर तृप्तच राहिली असती.

कुठली ओळ कुणी लिहिली, याची नोंद आमच्याकडे कायम राहते. या चुकीवर मी दर उन्हाळ्यात नव्या पोरांना भाषण देते. हसत हसत, वरच्या पट्टीत. तेव्हा कोण शहाणा तो बघावा म्हणून नोंद उघडली. मार्च २०१२. एम. कांगास. मीच.

ट्रेव्हिसला दाखवलं. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करू, काउंटीचं कंत्राट नोव्हेंबरात नवं व्हायचंय, लेखी काही नको. मी म्हटलं सुनावणी गुरुवारी आहे. तो म्हणाला की कंपनीतर्फे कुणी जाणार नाही. मी म्हटलं, कंपनीला कोण विचारतंय? मी रजा टाकून भाची म्हणून जाते. नोकरीचा विचार कर म्हणाला. केला. साधारण जिना उतरेपर्यंत पुरला.

दुरुस्ती आजच केली. एका शब्दाची होती.

गुरुवारी दुपारी पोचते. मावशीला आधी सांगू नकोस, ती केस सेट करायला जाईल.

तुझी,
मार्लिस


स्वॅन इनलेट, ५ नोव्हेंबर

चि. मार्लिस हिस अनेक आशीर्वाद, मागचे कमी केलेले धरून.

तू कॉफीलाही न थांबता पळालीस, म्हणून पुढचं कळवतो.

मिसेस डालगार्ड अजून बदकाचा अर्थ विचारताहेत. तू समितीच्या टेबलावर बदक ठेवलंस तेव्हा मला वाटलं, गेली पोरगी. पण ती ओळ माझी, तारीख ही, खोटं यंत्र बोललं आणि ते बोलायला मी शिकवलं, असं तू म्हणालीस तेव्हा मागच्या रांगेतल्या इन्गाबाईचं विणकाम थांबलं. तिचं विणकाम अंत्यविधीतही थांबत नाही.

तू गेल्यावर त्यांनी मावशीला सन्मानानं परत बोलावलं. मावशी म्हणाली, सन्मान राहू द्या, पेपरात छापा. आणि खोटारडी म्हणून छापणार होतात त्याच आकाराच्या अक्षरांत. बुधवारी छापून येणार आहे. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ती जेवणाची गाडी घेऊन निघाली. ऑर्विलची तक्रार अशी की सरकारी जेवणापेक्षा हॉटडिश बरा होता.

येताना गाडीत मावशी म्हणाली की स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगणारं आपल्या घराण्यात हे पहिलंच माणूस. होडीबद्दल अजून कुणी पुढे आलेलं नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
रेनो


डुलुथ, १२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

नोकरी आहे. ताकीदपत्र मिळालं, ते टेबलासमोर टाचणीनं लावलंय, भिंतींवर मोहीम अजून सुरू झालेली नाही. जागा बदलून मला प्रिंटरशेजारी बसवलंय. कंत्राटाचं काय होतं ते काउंटी ठरवेल. चाचणीसाठी अकरावं खोटं माणूस मी जन्माला घातलंय. त्याचा नंबर १२८, नाव ऑर्विल. ट्रेव्हिसनं नंबर एवढा मोठा का ते विचारलं, तर त्याला उभ्यानंच चाळीस मिनिटं समजावलं.

रबरी बदक खोक्यातून सुटलं. ते आता तुझ्या लाकडी बदकाशेजारी बसतं. दोघांचं जमतं.

लोभ तुझ्याकडून नेहमीच जास्त आला. तो तसाच चालू ठेव, ही विनंती.

तुझी,
मार्लिस

ता. क. सोबतच्या पार्सलात वीस फूट दोर आहे, निळा, पाण्यात न कुजणारा. एक्याऐंशीच्या त्या संध्याकाळी गाठ तू मारली होतीस. मी ती सोडली, होडीतून पांढरी कमळं आणायला गेले, आणि परत आल्यावर बांधली नाही. मी दहा वर्षांची होते, ही सबब नंतरच्या बेचाळीस वर्षांना पुरत नाही. मावशीला आणि घरच्या बाकी सगळ्यांना वेगळी पत्रं टाकली आहेत. होडी बांधून ठेव.